निळा डबा आणि दोनशे पानी वही

मुलांनो, यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी माहेरी गेले. पडवीत पाय ठेवते न ठेवते तोच माझ्या भाच्याने माझ्यासमोर एक डबा नाचवला. निळ्या रंगाचा, एक लिटरचा, कोरा करकरीत! खाऊचे पैसे साठवून नऊशे रुपयांना आणलेला. "आत्या, उद्यापासून आपण आजोबांची होडी दुरुस्त करायची!" भाचा सातवीत आणि त्याची बहीण पाचवीत. तिने तर ब्रशसुद्धा शोधून ठेवला होता.

आमचं घर मालवण तालुक्यात, कालावलच्या खाडीकाठी. मागच्या अंगणात, माडांच्या सावलीत, एका पत्र्याच्या छपराखाली माझ्या बाबांची होडी आहे. चौदा फूट लांब, साडेतीन फूट रुंद. याच होडीतून मी लहानपणी पलीकडच्या शाळेत जायची. मग पूल झाला, बाबांचे गुडघे दुखायला लागले आणि होडी काठावर आली. त्याला आठ वर्षं झाली.

बाबा अंगणातच खुर्ची टाकून बसले होते. डब्याकडे बघून म्हणाले, "रंग मारलो म्हणजे होडी तरंगता, असा तुका कोणी सांगल्यान?" (आमच्याकडे सगळेच मालवणी बोलतात. बाकीच्यांचं मी तुमच्यासाठी सरळ करून लिहिते, बाबांचं मात्र तसंच राहू दे.)

आणि संध्याकाळी दादाने खरी बातमी सांगितली. पावसाच्या आधी जळणवाला येणार होता. होडी फोडून न्यायची आणि त्या जागेत दुचाकी ठेवायला शेड करायची. भाचीचे डोळे भरून आले. दादा काही वाईट नाही हो! घर त्यालाच चालवायचं असतं. तो म्हणाला, "रडून काही होणार नाही. एकतीस तारखेच्या आत मला कागदावर दाखवा. काय बिघडलंय, किती खर्च, किती दिवस आणि करणार कोण. पटलं तर ठेवू. नाही पटलं तर लाकूड जाणार."

हातात सतरा दिवस होते. मी डबा माळ्यावर ठेवला आणि दुकानातून दोनशे पानी वही आणली. आम्ही शिक्षक वर्गात जाण्याआधी पाठाचं टाचण काढतो, तसं हे होडीचं टाचण. बाई टाचण न काढता वर्गात गेल्या तर काय गोंधळ होतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच!

पहिलं काम मोजण्याचं. तुम्ही म्हणाल, लांबी-रुंदी तर माहीत आहे, मग मोजायचं काय? गंमत पुढेच आहे. आम्ही होडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत बरोबर मधून एक सुतळी ताणून बांधली. सुतळीवर दर एका फुटाला खडूची खूण केली. मग प्रत्येक खुणेपाशी सुतळीपासून डावी कड किती दूर आणि उजवी कड किती दूर, ते मोजून वहीत लिहिलं. आलेखाचे दोन कागद जोडून चिकटवले आणि एका फुटाला दोन सेंटिमीटर या प्रमाणात चित्र काढलं. चौदा फुटांची होडी अठ्ठावीस सेंटिमीटरांत आली!

चित्र पूर्ण झाल्यावर भाचीच ओरडली, "आत्या, होडी वाकडी आहे!" खरंच होती. दहाव्या खुणेपाशी उजवी बाजू एक फूट सात इंच, तर डावी एक फूट पाच इंच. दोन इंचांचा फरक. नुसत्या डोळ्यांना तो कधी दिसला नव्हता. खाली वाकून पाहिलं तर डाव्या बाजूचा टेकू जमिनीत खचला होता. आठ वर्षं होडी एका कुशीवर रेलून बसली होती. तुम्ही दप्तर एकाच खांद्यावर अडकवता, तेव्हा आई काय म्हणते? होडीचंही तेच झालं होतं.

मग घाईघाईने टेकू उचलून सरळ करावी का? बाबा म्हणाले, नाही. आठ वर्षांत आलेला बाक एका दिवसात काढला तर खिळे उपटतात आणि फळ्या तडकतात. टेकूखाली लाकडी पाचर ठोकायची, रोज थोडीशीच. आणि होडी सरळ होईपर्यंत एकही फळी काढायची नाही. हेही वहीत लिहिलं. फळ्या एकमेकींना धरून असतात, त्यामुळेच होडीचा आकार टिकतो. चार फळ्या एकदम काढल्या तर उरलेली होडी कशीही पसरते, आणि पुढे नव्या फळ्या बसतच नाहीत. एक फळी काढायची, ती पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने आकार उतरवायचा, तशी नवी कापून बसवायची, मग दुसरी. जुनी फळी कुजकी असली तरी काम संपेपर्यंत टाकायची नाही. नव्या फळीचा साचा तीच.

दुसरं काम तपासणीचं. यासाठी दोनच हत्यारं लागली, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर आणि दाभण. आई बाजारात मडकं घेताना टिचकी मारून पाहते ना? तसंच स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फळीवर हलकेच ठोकत जायचं. चांगलं लाकूड टणटण वाजतं. कुजलेलं लाकूड बद्द वाजतं. बद्द आवाज आला की तिथे दाभण टेकवून दाबायची. चांगल्या लाकडात ती टोकावरच अडते. कुजलेल्या लाकडात केकमध्ये शिरावी तशी आत जाते. भाचा ठोकायचा आणि भाची आलेखावर लाल पेन्सिलीने खुणा करायची. दोन दिवसांत सगळा नकाशा तयार!

आता तुम्हाला एक विचारते. होडी जास्त कशाने कुजते, खाडीच्या खाऱ्या पाण्याने की पावसाच्या गोड्या पाण्याने? वर्गात विचारलं असतं तर सगळ्यांनी "खाऱ्या!" म्हणून हात वर केले असते. मीही केला असता. पण आमच्या नकाशावर लाल खुणा कुठे होत्या? होडीच्या तळाला, जिथे वर्षानुवर्षं खारं पाणी लागत होतं, तिथे फारच थोड्या. बहुतेक सगळ्या मागच्या दोन फुटांत! छपराचा पत्रा तोकडा होता. मागचं टोक बाहेर राहायचं, पावसाचं पाणी नि माडाचा पालापाचोळा तिथे साचायचा. लाकूड कुजवते ती एक प्रकारची बुरशी. तिला ओल लागते आणि हवाही लागते. खारटपणा तिला मानवत नाही. म्हणून तर पूर्वी काही जहाजांच्या लाकडांमध्ये मुद्दाम मीठ भरून ठेवायचे. आपण कैरीला मीठ लावून ठेवतो, त्याच जातीची युक्ती!

खाऱ्या पाण्यातला शत्रू वेगळा असतो. तळाच्या एका फळीत पेन्सिल जाईल एवढी गोल भोकं सापडली. भाचा म्हणाला, वाळवी. वाळवी नव्हे! हा समुद्रातला लाकूड पोखरणारा जीव. लोक त्याला किडा म्हणतात, पण तो असतो शिंपल्यांच्या नात्यातला. अंग अळीसारखं लांब आणि डोक्याशी दोन छोटे धारदार शिंपले. त्यांनी तो लाकूड किसत आत जातो आणि मागे राहिलेल्या बोगद्याला चुन्याचं अस्तर लावत जातो. कोलंबस त्याच्या चौथ्या सफरीवर असताना याच प्राण्याने त्याच्या जहाजांची चाळणी केली आणि १५०३ मध्ये त्याला जमैकाच्या किनाऱ्यावर ती चढवावी लागली. पण याच प्राण्यावरून मार्क ब्रुनेल नावाच्या अभियंत्याला एक कल्पना सुचली. पुढे लोखंडी ढालीच्या आडोशाने खणायचं आणि मागे लगेच विटांचं अस्तर बांधत जायचं. तशा रीतीने त्याने लंडनच्या थेम्स नदीखालून बोगदा काढला. काम १८२५ मध्ये सुरू झालं आणि १८४३ मध्ये बोगदा लोकांना खुला झाला. आमच्या होडीतले हे पाहुणे मात्र केव्हाच मेले होते. पाण्याबाहेर लाकूड सुकलं की ते जगत नाहीत.

तिसरं काम, सामानाची यादी. इथे भाच्याने वहीत पहिली ओळ लिहिली, "खिळे, एक किलो." झालं! कसले खिळे? कोणत्या धातूचे? बाबांनी खुर्चीतूनच विचारलं. होडीत जुने खिळे तांब्याचे आहेत. त्यांच्या शेजारी लोखंडाचे ठोकले तर काय होईल? मोठ्या वर्गांतल्या मुलांनी विज्ञानात विद्युत घट शिकला असेल. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, की झाला घट तयार. त्यात लोखंड भराभर झिजतं. ब्रिटिश नौदलाने हा धडा फार महागात घेतला. पोखरणाऱ्या त्या जीवापासून वाचवायला त्यांनी १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. ठोकले लोखंडी खिळ्यांनी! दोन वर्षांनी पाहतात तर खिळे खलास आणि पत्रे सुटलेले. काही ठिकाणी मात्र खिळे शाबूत होते. का बरं? पत्रे ज्या जाड कागदात गुंडाळून आले होते तो कागद तिथे चुकून तसाच राहिला होता. त्यामुळे तांबं आणि लोखंड एकमेकांना चिकटलं नव्हतं.

आणि खिळेच नकोत म्हटलं तर? तेही जमतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजं करत. अजिंठ्याच्या लेण्यातल्या पाचव्या शतकातल्या जहाजाच्या चित्रावरून तसंच एक शिवलेलं जहाज गोव्यात बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने भारतीय नौदलात दाखल झालं. ही माहिती ऐकून भाची सुईदोरा घेऊन निघालीच होती. तिला परत बसवलं!

लाकडाचा हिशेब पाचवीच्या गणितातला आहे, म्हणून तो भाचीने केला. दोन फळ्या बदलायच्या. प्रत्येक नऊ फूट लांब, नऊ इंच रुंद, एक इंच जाड. वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं, म्हणून सगळं फुटांत करायचं. नऊ गुणिले पाऊण गुणिले एक बारांश. एका फळीचे ०.५६ आणि थोडं, दोन्हींचे मिळून सुमारे १.१३ घनफूट. कापताना वाया जाणारं धरून १.४. आंब्याचं लाकूड स्वस्त पडलं असतं, पण पाण्यात ते फार दिवस टिकत नाही. बाबांनी सागच सांगितला. चार हजार रुपये घनफूट, म्हणजे ५,६०० रुपये. सुताराचे आठ दिवस, रोजचे बाराशे, ते ९,६००. तांब्याचे खिळे १,८००. फटींत भरायला कापसाचं सूत, राळ आणि तेल मिळून २,२००. रंग २,६००. (निळा डबा धरून बरं का!) उलांडी नाहीशी झाली आहे. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधलेलं तरंगतं लाकूड. दोरीवर चालणारा माणूस हात पसरतो ना, तसा तो होडीचा पसरलेला हात. तिला हलकं लाकूड लागतं. कुंपणात पांगारा उभा आहे, तिथे खर्च शून्य. बेरीज २१,८०० रुपये.

भाच्याचा चेहरा उतरला. त्याचा अंदाज नऊशे रुपयांचा होता!

मी म्हटलं, अजून संपलं नाही. या बेरजेचा चौथा हिस्सा वर धर, ५,४५०, आणि त्याच्यापुढे लिही, 'न दिसलेलं'. एकूण झाले २७,२५०. मला ठाऊक होतं, आकडा मोठा झाला की दादा नाही म्हणण्याची शक्यता वाढते. भाचा कुजबुजला, "आत्या, ती शेवटची ओळ खोडू या का?" क्षणभर मलाही मोह झाला. खरंच झाला. पण खोडली नाही. दादाने नंतर मधेच काम थांबवलं असतं, तर अर्धी उघडलेली होडी जळणालाच गेली असती.

पालकांसाठी दोन ओळी. मुलांना अशा कामात जरूर घ्या, पण दोन गोष्टी त्यांच्या हाती देऊ नका. एक, जुना रंग खरवडणं. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगाच्या धुळीत शिसं असू शकतं आणि ते मुलांना फार अपायकारक. मोठ्यांनी तोंडाला मास्क लावून, रंग ओला करून काढावा आणि मुलांना लांब ठेवावं. दुसरी, काजूच्या टरफलाचं तेल. कोकणात ते लाकूड टिकावं म्हणून होड्यांना लावतात, पण कातडीवर पडलं तर भाजतं. ओल्या काजूगराने बोटं सोललेली मुलं आमच्याकडे दर वर्गात दोन-चार तरी निघतात!

एकोणतीस तारखेला रात्री जेवणं झाल्यावर भाच्याने वही दादापुढे ठेवली. दादाने चष्मा लावला. नकाशा पाहिला, लाल खुणा पाहिल्या, बेरीज दोनदा केली. मग विचारलं, "हे न दिसलेलं म्हणजे काय?"

आम्ही कोणी बोलायच्या आत बाबा म्हणाले, "होडी उघडलंस काय कायतरी गावताच." आणि मग हळूच, "माझे हात आता चलनत नाय. पण मी सांगतंय, तुमी करा."

सतरा दिवस बाबा खुर्चीतून उठून होडीजवळ गेले नव्हते. मला वाटत होतं, त्यांना होडीचं काही उरलेलं नाही. तसं नव्हतं. ज्या होडीला आपण मोडताना बघणार, तिला हात कशाला लावायचा, असं त्यांनी धरलं होतं. हे मला त्या रात्री कळलं.

दादाने एक अट घातली आणि ती मला आवडली. होडीचा कणा, म्हणजे तळाचं लांब लाकूड, त्याचं मागचं टोक लोखंडी पट्टीखाली झाकलेलं होतं. तिथे दाभण पोचली नव्हती. दादा म्हणाला, उद्या पट्टी काढा. कणा अर्ध्याच्या वर कुजलेला निघाला तर इथेच थांबायचं, एक रुपयाही घालायचा नाही. चांगला निघाला तर दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानेच पट्टी काढली. बाबा काठी टेकत आले आणि खाली बसले. दाभण त्यांनी स्वतः घेतली. हात थरथरत होता, तरी घेतली. टोकाला दाभण भसकन आत गेली. चार बोटं पुढे, पुन्हा आत. आणखी चार बोटं पुढे टेकवली, आणि तिथे ती अडली. बाबांनी पुन्हा दाबली. नाही गेली. एक वीतभर लाकूड कुजलं होतं, बाकीचा कणा दगडासारखा. तेवढा भाग कापून ऐनाच्या लाकडाचा तुकडा जोडावा लागणार. भाच्याने वही काढून 'न दिसलेलं' या ओळीखाली पहिला खर्च लिहिला. पहिल्याच दिवशी!

जळणवाला आला तेव्हा दादाने त्याला वाळलेल्या झावळ्या नि सोडणं देऊन परत पाठवलं. आम्ही छपराला तीन फूट पत्रा वाढवला. होडी आता चारही टेकूंवर सारखी बसली आहे. पावसाळाभर भाचा रविवारी पाचर थोडी थोडी ठोकणार आणि डावी-उजवी मापं मला पत्राने कळवणार. सागाच्या फळ्या पडवीत आडव्या रचून ठेवल्या आहेत, मधे चिपा घालून, म्हणजे हवा खेळेल.

होडी पाण्यात घालण्याचं पानही वहीत तयार आहे. पहिल्या दिवशी ती गळणारच. कोरड्या फळ्या आकसलेल्या असतात. भिजवलेले हरभरे फुगतात तशा त्या पाण्यात फुगतात आणि फटी मिटतात. म्हणून दोन दिवस गुडघाभर पाण्यात दोर बांधून ठेवायची, आत कोणी बसायचं नाही. त्यानंतर बसायचं तेही अंगात जीवरक्षक जाकीट घालून. हे वाक्य भाचीने लाल शाईने लिहिलं आहे. तिला अजून पोहता येत नाही, दिवाळीपर्यंत शिकेन म्हणते.

आता तुमच्यासाठी कोडं. समजा, होडीचं वजन १४० किलो. तिच्यात आजोबा बसले ५८ किलोचे, दादा ७४ किलोचा आणि भाचा ३८ किलोचा. तरंगताना होडी नदीचं किती लिटर गोडं पाणी बाजूला सारेल? आणि तीच होडी खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात नेली, जिथे एका लिटरचं वजन सुमारे १.०२५ किलो भरतं, तर ती थोडी वर उचलली जाईल की आणखी खाली बसेल? उत्तर गणित करून कळवा, नुसतं 'वर' किंवा 'खाली' चालणार नाही. माझं उत्तर पुढच्या अंकात.